कारण कोणी सांगायचं

लस टोचण्याआधी आईला चार गोष्टी सांगायच्या, हे आम्हा आरोग्य सेविकांना पहिल्याच प्रशिक्षणात शिकवतात. लस कोणती आणि ती कशापासून राखते. टोचल्यावर काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं. पुढची लस कधी. आणि कार्ड जपून ठेवायचं, येताना न विसरता आणायचं. यातली दुसरी गोष्ट सांगायला नव्या मुली कचरतात. त्यांना वाटतं, ताप येईल म्हटलं की बाई पोर उचलून घरचा रस्ता धरेल. जुन्नरच्या पश्चिमेला, हिरड्याच्या डोंगरात माझी सगळी नोकरी गेली, आणि मला नेहमी उलटंच दिसलं. पेंटा टोचली की मी सांगायचे, ‘आज रात्री अंग तापेल, मांडी सुजेल. चोळू नको, शेकू नको. गोळी अशी चतकोर करून दे.’ रात्री पोर तापलं की ती बाई घाबरायची नाही. नर्सबाई बोलल्या तसंच झालं म्हणायची आणि पुढच्या खेपेला आपणहून यायची. जिला सांगायचं राहून जाई, तिच्या घरी सासू बोलायची, ‘हसतं-खेळतं पोर नेलं आणि तापवून आणलं.’ बीसीजीचं तर आणखी वेगळं. डाव्या दंडावर महिन्या-दीड महिन्याने फोड येतो, पिकतो, फुटतो, वण राहतो. ज्या पोराला फोड येत नाही त्याची आई काळजीने विचारायला येते, ‘बाई, उठली का नाही हो?’ त्रास होणार हे आधी कळलं असलं, तर माणसं त्या त्रासावरच भरवसा ठेवतात.

कोविडच्या लसीच्या वेळी ही दुसरी गोष्ट आपण गिळली. मी लसीच्या बाजूची बाई आहे. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं तेव्हा पहिल्या खेपेला आम्ही आरोग्य कर्मचारीच होतो, मीही दंड पुढे केला. पुढे हजारोंना माझ्या हाताने टोचलं, आणि आज पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा टोचेन. पण त्या काळात लोकांच्या मनात जी भीती होती, तिला आपण अडाणीपणा म्हणून बाजूला सारलं. जे खरोखरच घडलं, त्याचं कारण ज्यांना माहीत होतं त्यांनीही मोठ्याने सांगितलं नाही. माझं दुखणं हे आहे, आणि ते मला धर्माचं दुखणं वाटतं. ते का, तेच इथे लिहायचं आहे.

भीती सगळ्या एका जातीच्या नव्हत्या. लस घेतली की मूल होत नाही, ही एक. सरकारला म्हातारी माणसं कमी करायची आहेत, ही दुसरी. पण आमच्याकडची सगळ्यात मोठी भीती तापाचीच होती, आणि ती अगदी बरोबर होती. रोजावर जाणाऱ्या माणसाला दोन दिवस ताप आला तर दोन दिवसांचा रोज बुडतो. आवणीच्या दिवसांत घरातली दोन माणसं एकदम आडवी झाली तर रोपं वाळतात. शहरातल्या माणसाला ‘किरकोळ ताप’ म्हणणं सोपं असतं. त्याच जानेवारीच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा लेकरांच्या तोंडात सॅनिटायझर गेलं. लेकरं वाचली, पण ती बातमी आमच्या शेवटच्या वाडीपर्यंत पोचली होती. मग कोणी ‘बाटली दाखवा’ म्हणालं तर मी दाखवायचे. कोव्हिशील्डच्या बाटलीत दहा डोस, उघडल्यापासून चार तासांत संपवायचे, म्हणून उघडल्याची वेळ पेनने बाटलीवर टाकलेली असायची. ती वेळसुद्धा वाचून दाखवायचे. लस तयार होते मांजरीला, पुण्याजवळ, आपल्याच जिल्ह्यात, हे सांगितलं की माणसं जरा सैल व्हायची.

टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं असे. पुष्कळ ठिकाणी नुसतं ‘थांबा, नियम आहे’ एवढंच सांगत. मी कारण सांगायचे. ‘एखाद्याला लगेच अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. तसं झालं तर त्यावरचं इंजेक्शन हे इथे माझ्या हाताशी आहे.’ आणि ॲड्रेनलिनची कुपी दाखवायचे. ती बघून कोणी उठून गेलं नाही. देशात लसीमुळे झालेला म्हणून तज्ज्ञ समितीने मान्य केलेला पहिला मृत्यू अशाच तीव्र ॲलर्जीचा होता. ६८ वर्षांचे गृहस्थ होते, लस घेतली ८ मार्च २०२१ रोजी. समितीचा निष्कर्ष बाहेर आला जूनमध्ये.

आमच्या भजनी मंडळातले एक म्हातारे मृदंगवादक होते. त्यांनी लस घेतली नाही. मार्चमध्ये मी तीनदा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. ‘पोरी, पांडुरंग बघून घेईल’ म्हणाले. दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, ऑक्सिजनची खाट शोधता शोधता गेले. त्यांच्याबद्दल गावात कुणी म्हणालं नाही की हे लस न घेतल्याने झालं. म्हणाले, वय झालं होतं, बोलावणं आलं. लस न घेऊन जे जातात त्यांचं मरण असं मुकाट्याने देवाच्या खात्यावर पडतं. लस घेऊन कुणाला काही झालं तर ते मात्र टोचणाऱ्या हातावर येतं. आमच्या कामात हे गृहीतच असतं, मी त्याची तक्रार करत नाही.

आता जिच्यासाठी हे लिहितेय ती बाई. वय तिशीच्या आसपास, अंगाने चिवट, हिरड्याच्या झाडावर पुरुषांच्या बरोबरीने चढणारी. अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना लस खुली झाल्यावर जून संपता संपता तिने पहिला डोस घेतला. आवणीच्या आधी ताप येऊन जाऊ दे, असा हिशेब होता. ताप एक दिवस आला आणि गेला. आठ-नऊ दिवसांनी डोकं दुखायला लागलं. ते उतरेचना. मग उलट्या, मग एका डोळ्यापुढे अंधारी. तालुक्याला नेलं, तिथून पुण्याला. प्लेटलेट फार खाली गेलेल्या आणि मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी. एकीकडे रक्त गोठतंय आणि दुसरीकडे गोठवणाऱ्या पेशीच संपल्यात, असं विचित्र दुखणं. ती वाचली. पण उजवा हात पहिल्यासारखा उचलत नाही. पाय ओढत चालते. घरची बैलजोडी दवाखान्यात गेली.

हे दुखणं काय आहे ते तोवर जगाला कळलेलं होतं. मार्च २०२१ मध्ये जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला आंद्रेयास ग्राइनाखर आणि नॉर्वेत ऑस्लोला पोल आंद्रे होल्मे यांच्या गटांनी असे रुग्ण बारकाईने तपासले. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर, फार क्वचित, एखाद्याच्याच शरीरात, प्लेटलेटमधल्या पीएफ-४ नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती प्लेटलेटना चेतवतात, गुठळ्या होतात आणि त्यात प्लेटलेट खर्ची पडतात. आपली कोव्हिशील्ड म्हणजे तीच लस. शोध नुसता कारणाचा नव्हता. गुठळीवर एरवी सर्रास देतात ते हेपॅरिन इथे टाळायचं, दुसरं रक्त पातळ करणारं औषध द्यायचं, सोबत इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं, हेही त्यातून कळलं. ओळख वेळेवर पटायला लागली तसं मरणाचं प्रमाणही उतरलं. म्हणजे लसीने असं होऊ शकतं हे मान्य करणं हाच उपचाराचा पहिला भाग होता. आपल्या केंद्र सरकारनेही १७ मे रोजी लक्षणांची यादी काढली होती. लस घेतल्यापासून वीस दिवसांत सतत डोकं दुखलं, धाप लागली, छातीत दुखलं, अंधुक दिसलं, पोट सारखं दुखत राहिलं तर लगेच दाखवा, असं त्यात होतं. ती यादी मराठीत, मोठ्या अक्षरात, ज्या भिंतीसमोर लोक अर्धा तास बसत होते त्या भिंतीवर मी कुठेच पाहिली नाही. हात धुण्याचं चित्र मात्र सगळीकडे होतं.

ती घरी आली आणि मग खरं सुरू झालं. पुण्याच्या दवाखान्याच्या कागदावर निदान इंग्रजीत होतं, खाली एका ओळीत लसीची शक्यता नोंदवलेली. आमच्याकडून रीतसर फॉर्म वर गेला. वरून घरापर्यंत उत्तर काही आलं नाही. मधल्या काळात भगत येऊन गेला. लग्नानंतर मूल राहत नव्हतं तेव्हा सासूने देवीला नवस बोलला होता. मुलगा झाला, पण तो नवस अर्धाच फेडला गेला. भगताने बोट तिथे ठेवलं. दुसरं कुणी म्हणालं, तिने जावेशी भांडून भिंत घातली, त्याचं आहे. तिसरं कुणी म्हणालं, मागच्या जन्माचं. शिकलेल्या एका गृहस्थांनी मला समजावलं, ‘सिस्टर, प्रारब्ध असतं एकेकाचं. कोट्यवधी लोकांनी लस घेतली, हिलाच का व्हावं?’

तिचा नवरा माझ्याकडे आला तो पैसे मागायला नव्हे. म्हणाला, ‘बाई, पैशाचं बघू. नुसतं कुणी लिहून द्या का हे लसीनं झालं. आमची आई तिच्या हातचं पाणी घेईना.’

लसीचे दुष्परिणाम म्हटलं की लोकांना वैद्यकशास्त्राचा प्रश्न दिसतो, आकड्यांचा दिसतो, राजकारणाचा दिसतो. मला त्या दिवसापासून हा प्रश्न असा दिसतो की, ज्याला कारण माहीत आहे त्याने ते सांगितलं नाही तर जागा रिकामी राहत नाही. तिथे पाप येऊन बसतं. कुणाचं पाप? जिला इजा झाली तिचंच. आपण म्हणतो की गावकरी अंधश्रद्धाळू आहेत. पण भगत निदान कारण सांगायला घरी आला होता. ज्यांच्याकडे खरं कारण होतं ते आले नव्हते.

माझे वडील माळकरी. उतारवयात सांधे धरले तेव्हा म्हणायचे, भोग आहे, भोगून सरेल. पण शेजारी कुणी आजारी पडलं तर त्यांच्या तोंडून ‘भोग’ कधी ऐकलं नाही. ते तांदळाची पेज घेऊन जायचे. संचित, क्रियमाण, प्रारब्ध या गोष्टी आपल्याकडे आहेत आणि मी त्या मानते. मात्र प्रारब्ध हा शब्द माणसाने आपल्या स्वतःच्या दुखण्याबद्दल वापरावा. तिथे तो बळ देतो. दुसऱ्याच्या दुखण्याला तो लावला की आपण न्यायाधीश होतो, आणि पुरावा न बघता निकाल देतो. त्या शिकलेल्या गृहस्थांना मी एवढंच विचारलं, की तिला डेंगी झाला असता तर प्रारब्ध म्हणाला असता, की गटार उपसायला ग्रामपंचायतीला अर्ज केला असता?

आमच्या केंद्रातल्या औषधनिर्मात्यांनी, ते बौद्ध आहेत, मला त्या सुमारास संयुत्तनिकायातल्या एका संवादाची ओळख करून दिली. सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की, माणसाला जे सुख-दुःख होतं ते सगळं पूर्वकर्मानेच होतं असं काही जण म्हणतात, त्यावर तुमचं काय? बुद्ध ते सरसकट मान्य करत नाही. पित्ताने दुखणी होतात, कफाने होतात, वाताने होतात, तिन्हींच्या मिश्रणाने होतात, ऋतू पालटल्याने होतात, काळजी न घेतल्याने होतात, बाहेरच्या आघाताने होतात, आणि कर्माच्या विपाकानेही होतात. सगळं कर्मावर ढकलणारे लोक स्वतःला जे दिसतं आणि जगाला जे माहीत आहे त्याच्या पलीकडे धावतात, असं तो म्हणतो. मला हे फार मोठं वाटलं. अडीच हजार वर्षांपूर्वी, हातात सूक्ष्मदर्शक नसताना, एक माणूस सांगतो आहे की आधी कारण नीट बघा. प्रतिपिंडाने गुठळी होते ती ‘बाहेरच्या आघाता’त धरायची की शरीराच्या बिघाडात, यावर आम्ही दोघं औषधांच्या खोलीत बराच वेळ बोललो होतो.

नीट बघणं सोपं नसतं, हेही खरं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हे आमच्या कामात रोजचंच. एका दिवसात लाखो प्रौढ माणसांना लस टोचली तर त्यातल्या काहींना त्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येणारच होता, लस घेतली नसती तरीही. म्हणून प्रत्येक गंभीर घटनेचा कागद जिल्ह्याच्या, राज्याच्या, मग केंद्राच्या समितीपुढे जातो आणि ती ठरवते, की हे लसीच्या घटकामुळे झालं, लस देताना हात चुकला म्हणून झालं, भीतीने भोवळ आली, की निव्वळ योगायोग. मे २०२१ मध्ये केंद्राने सांगितलं, की साडेसात कोटी डोसांच्या काळात तेवीस हजारांवर तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यातल्या ७०० गंभीर. तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांत २६ गुठळीच्या असाव्यात. कोव्हिशील्डच्या दहा लाख डोसांमागे ०.६१, आणि तोच आकडा ब्रिटनमध्ये चार, जर्मनीत दहा. भारतात हा त्रास कमी होतो की कमी नोंदला जातो? डोंगरातल्या बाईचं डोकं दुखणं नोंदवहीत यायला किती दारं ओलांडावी लागतात हे ज्याने पाहिलंय, त्याला हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. सगळ्याच मोडलेल्या फांद्या कावळ्याने मोडलेल्या नसतात. काही मात्र त्यानेच मोडलेल्या असतात, आणि ग्राइफ्सवाल्डच्या डॉक्टरांनी ‘योगायोग असेल’ म्हणून फाईल मिटली असती तर आज आपल्याला हेपॅरिनचं कळलं नसतं.

आपल्याच मुंबईत याची जुनी कथा आहे. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला होती. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली आणि एकाच बाटलीतून घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना दूर केलं गेलं. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुढे आलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे भांडले आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. आज संस्थेला त्यांचं नाव आहे. हाफकिन यांच्यावर अन्याय झालाच. पण ही कथा कुणीही सांगितली तरी त्यात बाटलीचा क्रमांक येतो, ५३-एन, आणि त्या एकोणीस जणांतलं एकही नाव येत नाही. शास्त्राची अब्रू परत मिळवायला पाच वर्षं झगडणारे लोक होते. मुल्कोवालच्या घरांत जाऊन ‘तुमच्या माणसाने काही पाप केलं नव्हतं, चिमटा घाण होता’ हे सांगणारं कोण होतं?

श्रावणात आमच्याकडे देवळात पांडवप्रतापाची पोथी लागायची. बकासुराचा अध्याय आला की बायका जास्त जमायच्या. एकचक्रा नगरीने राक्षसाशी करार केला होता. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस, रोज एका घरातून. लहानपणी मला भीम आवडायचा. नोकरीत आल्यावर कुंती आवडायला लागली. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव आसऱ्याला होते त्याची पाळी येते, तेव्हा भिंतीपलीकडून रडणं ऐकू येतं. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी, आणि धाकटं पोर हातात गवताची काडी घेऊन म्हणतं, मी राक्षसाला मारतो. कुंती ते रडणं ऐकून आत जाते. विचारते, काय झालं? या प्रश्नापासून पुढची सगळी कथा हलते.

लसीला मी बकासुर म्हणत नाही. आमच्या गावाच्या शिवेवर बकासुर उभा होता तो रोगाचा. त्याने मृदंगवादक नेले, लग्न ठरलेली पोरं नेली. लसीने त्याची मागणी किती घटवली ते मोजलेलं आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या अभ्यासकांनी गणिती प्रारूपाने केलेला अंदाज असा, की पहिल्या वर्षात जगभरात जवळजवळ दोन कोटी आणि एकट्या भारतात चाळीस लाखांवर मरणं टळली. आणखी एक मोठा फरक आहे. एकचक्रेला कुणाची पाळी ते आधीच ठाऊक असायचं. इथे टोचणाऱ्या मला ठाऊक नव्हतं, टोचून घेणाऱ्या तिलाही नव्हतं. म्हणून तिला कुणी बळी दिलं असं मी म्हणू देणार नाही. तसा हेतू कुणाचाच नव्हता. पण डोस पडून गेल्यावर पाळी कोणाची होती ते कळतं. तिथून पुढे अज्ञानाचा आधार संपतो. तिथून पुढे नगरी कशी वागते, याचा जाब देव विचारतो, असं मला वाटतं. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येतंय आणि आपण म्हणतोय, प्रमाण फार कमी आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, मुली गमावलेल्या आईबापांच्या अर्जावर, केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. लसीमुळे झालेल्या मृत्यूसाठी सरकारला जबाबदार धरता येणार नाही, लस घेणं ऐच्छिक होतं, भरपाई हवी तर दिवाणी न्यायालयात जावं. ऐच्छिक! मुंबईच्या लोकलमध्ये चढायला २०२१ च्या ऑगस्टपासून दोन डोस लागत होते. औरंगाबाद जिल्ह्यात त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल देऊ नका, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होता. त्याच सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी सांगितलं होतं, की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा. समाजाच्या रक्षणासाठी थोडी सक्ती करावी लागते, हे मला पटतं. मग ज्याला झळ बसली त्याची जबाबदारीही त्याच समाजाची. घेताना सगळ्यांचं आणि दुखलं की एकट्याचं, हा कुठला न्याय? जर्मनीने १९६१ च्या कायद्यातच लसीने इजा झालेल्यांची भरपाई मान्य केली. ब्रिटनमध्ये १९७९ पासून योजना आहे, आज तिथे एकरकमी एक लाख वीस हजार पौंड मिळतात. साठ टक्के अपंगत्वाची अट जाचक आहे म्हणून तिथले लोक भांडतात. भांडायला निदान दार आहे.

एप्रिल २०२४ मध्ये बातमी फुटली, की ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटिश न्यायालयातल्या कागदांत लसीने अतिशय क्वचित अशी गुठळी होऊ शकते हे मान्य केलं. ‘कंपनीने कबूल केलं’ हा मेसेज दोन दिवसांत आमच्या तालुक्यात घरोघरी गेला. मला फोनवर फोन. ‘सिस्टर, आमचं काय होणार?’ ज्यांना हे तीन वर्षांपूर्वी भिंतीवर वाचायला मिळायला हवं होतं त्यांना ते चोरी पकडल्यासारखं कळलं, म्हणून ते हादरले. मी एकेकाला सांगत बसले. हा त्रास होतो तो लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. २०२१ मध्ये घेतली आणि आज ठणठणीत आहात, तर या गुठळीची भीती तुम्हाला नाही. जिममध्ये, लग्नाच्या वरातीत तरुण पोरं कोसळतात ती लसीने, असं म्हणतात त्याचं काय? तेही तपासलं गेलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या ७२९ अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट कमी झाल्याचं दिसलं. धोका दिसला तो कोविडने दवाखान्यात राहून आलेल्यांत, घरात असे मृत्यू झालेल्यांत, आदल्या दोन दिवसांत अतोनात दारू प्यालेल्यांत, झेपणार नाही असे श्रम केलेल्यांत. हे सांगताना लोक माझं ऐकून घेत होते, कारण गुठळीचं खरं आहे हे मी आधी म्हटलं होतं.

तिचा मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा डीपीटीचा बूस्टर होता. ती आली, पाय ओढत, पोराला पुढे घालून. सासू नव्हती. बाकावर बसली आणि म्हणाली, ‘आधी सगळं सांगा. मंग मी ठरवीन.’ मी सगळं सांगितलं. दंड दुखेल, सुजेल, ताप येईल. फार क्वचित झटका येतो, फार क्वचित ॲलर्जी. घटसर्प झाला तर घशात काय होतं, धनुर्वातात शरीर कसं कमानीसारखं वाकतं, तेही सांगितलं. तिने विचारलं, मला झालं तसं याच्याने होतं का? नाही, ती लस वेगळी, हिच्यात तसं आढळलेलं नाही. ती दाराबाहेर जाऊन नवऱ्याशी फोनवर बोलली आणि आत येऊन पोराला मांडीवर घेतलं. त्या दिवशी तिने नकार दिला असता तरी मी तिला अडाणी म्हटलं नसतं.

नवस त्यांनी पुढच्या चैत्रात पुरा फेडला. मी त्याला विरोध केला नाही. देवीचं देवीला. पण सासूच्या मनातून ते गेलेलं नाही, कारण नवस फेडूनही हात उचलत नाही, म्हणजे आणखी काहीतरी राहिलं असणार.

म्हणून भरपाईची रक्कम कायदा ठरवील तेव्हा ठरवो, माझी मागणी त्याआधीची आहे आणि तिला फारसा खर्च नाही. लसीनंतरच्या प्रत्येक गंभीर घटनेचा समितीने जो निष्कर्ष काढला असेल, लसीमुळे, योगायोगाने, किंवा ठरवता येत नाही, तो त्या घराला लेखी मिळावा. मराठीत, सहीशिक्क्याचा. तो टपालाने येऊ नये. आरोग्य खात्यातल्या कुणीतरी तो घेऊन घरी यावं, ओट्यावर बसावं आणि वाचून दाखवावा. सासू आत चुलीपाशी असेल तर तिलाही बाहेर बोलवावं.